जखमांचे वेळापत्रक

अपघात म्हणजे ध्यानीमनी नसताना कोसळलेले संकट, असा आपला समज आहे. मुंबईच्या उपनगरांत तो खरा राहिलेला नाही. घाटकोपरचे राजावाडी, जुहूचे कूपर किंवा कांदिवलीचे शताब्दी या पालिका रुग्णालयांच्या दारी डोक्याला मार लागलेली माणसे केव्हा येणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. घड्याळ आणि पंचांग पुरे. कचेऱ्या भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी लोकलच्या दारातून पडलेले प्रवासी येतात. सुट्टीच्या आदल्या मध्यरात्री हेल्मेटविना घसरलेले दुचाकीस्वार येतात. गोपाळकाल्याच्या दिवशी दुपारपासून गोविंदा येऊ लागतात. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान लोकलच्या दारातून प्रवासी पडून मृत्युमुखी पडले, तीही सकाळच्या गर्दीचीच वेळ होती. २०२२ च्या दहीहंडीत विलेपार्ले येथे कोसळलेला तरुण गोविंदा डोक्याच्या दुखापतीने पुढे दगावला, तो दिवस तर पंचांगात आधीच छापलेला होता!

डोक्याच्या जखमेत वेळेचे मोल इतर जखमांहून अधिक असते. मार लागलेला माणूस पुष्कळदा शुद्धीवर येतो, बोलतो, घरी जाण्याची घाई करतो. आणि कवटीच्या आत साचणारे रक्त काही तासांत मेंदूवर दाब आणून त्याचा घात करते. अशा वेळी त्याला निगराणीखाली ठेवणारा डॉक्टर, चालू स्थितीतले सीटी स्कॅन यंत्र आणि हाकेच्या अंतरावर मेंदूचा शल्यविशारद या तीन गोष्टी जीव वाचवतात. त्या शीवला किंवा परळला असून भागत नाही. बोरिवली वा मुलुंडच्या जखमीला तेथवर नेताना रस्त्यात सरणारा वेळ त्याच्या आयुष्यातून वजा होत असतो.

मनुष्यबळ अपुरे आहे, हे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. पण जे अपुरे आहे ते योग्य वेळी योग्य ठिकाणी उभे करणे, यालाच तर कारभार म्हणतात. पोलिसांत नोंदवण्याजोगा प्रत्येक जखमी रुग्णालयात आला की त्याच्या आगमनाची वेळ नोंदवहीत लिहिली जाते. या वेळा पालिकेने रुग्णालयवार मांडून दरमहा प्रसिद्ध कराव्यात आणि डॉक्टरांचा हजेरीपट त्यानुसार बांधावा, अशी आमची मागणी आहे. रेल्वे स्थानकांवर रुग्णवाहिका व वैद्यकीय कक्ष आले, तेही १९८९ साली बोरिवलीत लोहमार्गावर दोन्ही पाय गमावलेल्या समीर झवेरी यांनी उच्च न्यायालयात झगडा मांडला म्हणून. प्रत्येक सुधारणेसाठी एखाद्या जखमी नागरिकानेच न्यायालयाची पायरी चढावी काय?

दोष एकट्या शासनाचा नाही. हेल्मेटचे बंधन १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहे. तरी आपला सुशिक्षित समाज ते पोलीस दिसल्यावर डोक्यावर चढवतो. चौदा वर्षांखालील मुलांना थरांवर चढवू नये, हे २०१७ सालीच ठरले. तरी वर्गणी देणारे आपण मंडळास तेवढा एक प्रश्न विचारत नाही. कचेऱ्यांच्या वेळा विभागण्याची चर्चा करण्यात तर आपल्या पिढ्या गेल्या.

ज्या संकटाची वेळ कळत नाही त्याला दैव म्हणावे. ज्याची वेळ ठाऊक असूनही तयारी होत नाही, त्याला हेळसांड हाच शब्द आहे. पुढचा गोपाळकाला पंचांगात आहे, उद्याची नऊची लोकल वेळापत्रकात आहे. त्या वेळी अपघात विभागात कोण हजर असणार, एवढे पालिकेने आजच सांगावे.