विद्यादानाच्या भूमीत पदव्यांचा बाजार

धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा या लहानशा गावात निजामी राजवटीच्या काळात राष्ट्रीय शाळा चालत असे. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ तेथे शिक्षक होते. तुटपुंज्या साधनांत तेथे ज्ञानदान होत होते, कारण त्यामागे राष्ट्रनिष्ठा होती. आज त्याच परिसरात बारावीचा निकाल लागताच प्रवेशाचे दलाल शेतकऱ्याच्या ओसरीवर येऊन बसतात, ही त्या परंपरेची विटंबना नव्हे काय?

१९८३ मध्ये महाराष्ट्राने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. शिक्षणासाठी कर्नाटकाची वाट धरणाऱ्या मराठी मुलांची त्यामुळे सोय झाली, हे नाकारता येणार नाही. परंतु सेवेच्या आवरणाखाली दुकानदारीही फोफावली. अवघ्या चार वर्षांत, १९८७ मध्ये, शासनाला देणगीबंदीचा कायदा करावा लागला. २००५ च्या इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देणगीशुल्क व नफेखोरी निषिद्ध ठरविली. २०१५ मध्ये प्रवेश व शुल्क यांच्या नियमनाचा कायदा झाला. कायद्यांची वाण नाही. वाण आहे ती वेळीच कारवाई करण्याच्या इच्छाशक्तीची.

फसवणुकीची रीत ठरलेली असते. ‘मान्यता लवकरच मिळणार’ असे सांगून पैसे घ्यायचे, मूळ गुणपत्रिका ठेवून घ्यायच्या आणि विद्यार्थी जाऊ लागला की त्या अडवायच्या. मूळ कागदपत्रे अशी अडवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये बजावले; पण हे खेड्यातील पालकाला कोण सांगणार? मुलींना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी आहे. मात्र ती उत्पन्नाच्या मर्यादेत आणि केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून आलेल्यांनाच मिळते. दलालाच्या शब्दावर व्यवस्थापन कोट्यात गेलेली मुलगी हक्काच्या सवलतीला मुकते आणि बापाचे शेत गहाण पडते.

शासनाचा बडगा उगारला जातो तो बहुधा उशिरा, आणि त्याचा घाव बसतो विद्यार्थ्यावर. छत्तीसगडमध्ये २००२ च्या कायद्याने निघालेली शंभराहून अधिक खाजगी विद्यापीठे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रद्द ठरविली. निर्णय योग्यच होता. पण तेथे शिकणाऱ्या मुलांचे हित जपण्यासाठी पर्यायी संलग्नतेचा मार्ग न्यायालयालाच दाखवावा लागला. परवानगी देताना डोळे मिटायचे आणि टाळे ठोकताना शौर्य मिरवायचे, याला सुशासन म्हणत नाहीत.

म्हणून कारवाई प्रवेशापूर्वी हवी. मान्यताप्राप्त संस्था, त्यांचे अभ्यासक्रम आणि मंजूर शुल्क यांची यादी दरवर्षी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. फसव्या संस्थेला केवळ टाळे न लावता संचालकांच्या मालमत्तेतून विद्यार्थ्यांचे पैसे परत करावेत. प्रामाणिकपणे चालणाऱ्या संस्थांनीही या भामट्यांविरुद्ध उभे राहावे, कारण बदनामी त्यांचीही होते. विद्यार्थी संघटनांनी प्रवेशाच्या हंगामात गावोगाव मार्गदर्शन केंद्रे उघडावीत.

आपल्या परंपरेने विद्येला दान म्हटले, सौदा नव्हे. आई तुळजाभवानीच्या या जिल्ह्यातील शेतकरी अवर्षणाशी झुंजून मुलांना शिकवतो. त्याच्या घामाच्या पैशाचे रक्षण हे शासनाचे कर्तव्य आहेच. पण ते समाजाचेही व्रत झाले पाहिजे.