कडू चॉकलेट आणि आपलं अर्धवट वाचन

गेल्या रमजानमध्ये आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरत आला. डार्क चॉकलेटच्या रॅपरचा. घटकांच्या यादीत ‘कोको लिकर’ या दोन शब्दांभोवती लाल गोल काढलेला आणि खाली उर्दूत इशारा : यात शराब आहे, मुलांना देऊ नका, सर्वांना पुढं पाठवा. दुबईहून चाचांनी पाठवलेल्या बॅगेत नेमकी तसलीच दोन पाकिटं होती. धाकट्या भावाच्या बायकोनं ती उचलून कचऱ्यात टाकली. मी शाळेतून घरी येईपर्यंत विषय संपलाही होता.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. उताऱ्यावरचे प्रश्न सोडवताना मुलं काय करतात ते मला पाठ आहे. प्रश्नातला एक शब्द पकडायचा, तो उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या आजूबाजूची ओळ उत्तर म्हणून उतरवायची. बाकीचा उतारा वाचायचाच नाही. त्याचे मार्क मी कापतो. आम्ही मोठ्यांनी त्या रॅपरचं अगदी तेच केलं होतं.

कोको लिकर म्हणजे शराब नव्हे. भाजलेल्या कोकोच्या बिया दळल्या की जो घट्ट, ओघळणारा लगदा होतो, त्याला इंग्रजीत हे जुनं नाव आहे. कोकोच्या बीमध्ये निम्म्याहून अधिक चरबी असते. पाट्यावर सुकं खोबरं वाटताना तेल सुटतं, तसंच दळताना ही चरबी वितळते आणि भुकटीऐवजी लगदा हाती येतो. काही कंपन्या त्यालाच ‘कोको मास’ म्हणतात. तो मद्याचा प्रकार नाही. ‘लिक्यूर’ मात्र वेगळा शब्द आहे, तो खरंच गोड मद्याचा आहे. परदेशी चॉकलेटांत कधी लिक्यूर, रम किंवा ब्रँडी भरलेली असते. तेव्हा सावध राहायलाच हवं. पण ते सावधपण शब्द नीट वाचण्यातून यावं. ज्या घटकाबद्दल खरोखर शंका आहे, त्याबद्दल जाणत्या आलिमांना विचारावं. फॉरवर्ड हा काही फतवा नव्हे.

या प्रकारानंतर मी डार्क चॉकलेट खरंच चाखायला लागलो. आधी मलाही ते औषधासारखं वाटायचं. आमच्या कोकणात चॉकलेट म्हणजे गल्फच्या बॅगेतून येणारं, साबणाच्या वड्या आणि अत्तराच्या बाटल्यांसोबत प्रवास केलेलं, दुधाळ आणि गोडमिट्ट. ईदनंतर कोचीत नोकरी करणारा एक माजी विद्यार्थी भेटायला आला. येताना त्यानं चार पाकिटं आणली. म्हणाला, “सर, हे चावू नका. जिभेवर ठेवून थांबा.”

मी थांबलो. हे थांबणंच अवघड असतं. आधी वडी मोडायची. चॉकलेट नीट जमवलेलं असेल तर टक्कन आवाज येतो. मग वास घ्यायचा. मग छोटा तुकडा जिभेवर ठेवून वितळू द्यायचा. कोकोची चरबी साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा थोडं खाली. म्हणून घाई न करता ते आपोआप विरघळतं आणि चव टप्प्याटप्प्यानं उलगडते. दोन चॉकलेटांच्या मध्ये कोमट पाणी प्यायचं. इंटरनॅशनल चॉकलेट अवॉर्ड्सचे परीक्षक तर मध्ये मक्याच्या पिठाची बेचव लापशी खातात, जीभ साफ व्हावी म्हणून. कोकणच्या उन्हाळ्यात वडीवर पांढरट थर आला तर ती बुरशी समजून फेकू नका. बहुतेक वेळा ती वितळून पुन्हा गोठलेली चरबीच असते. चव उतरते, पण वडी बिघडलेली नसते.

चारपैकी दोन पाकिटांवर ७० टक्के लिहिलेलं होतं. एकाचा कोको केरळच्या इडुक्कीतला, दुसऱ्याचा तामिळनाडूच्या अनमलाईच्या बाजूचा. मला वाटलं, दोन्ही सारखीच असणार. पण ७० टक्के म्हणजे फक्त कोकोच्या बियांपासून आलेल्या सगळ्या भागाचं वजन. उरलेली जवळपास सगळी साखर. चवीबद्दल हा आकडा फारसं काही सांगत नाही. पहिलं आधी कडवट लागलं, मग मनुकांसारखं आणि शेवटी भाजलेल्या खोबऱ्याचा खमंगपणा मागं राहिला. दुसऱ्यात आमसुलाचा आंबटपणा होता. अगदी स्पष्ट.

हा फरक जात, माती, भाजणं या सगळ्यांतून येतो, पण त्याचा पाया शेतावरच घातला जातो. कोकोचं फळ फोडलं की आत पांढऱ्या गोडसर गरात बिया असतात. त्या गरासकट पाच-सात दिवस पेटीत किंवा केळीच्या पानांखाली आंबवतात. गरातली साखर आधी आंबते, मग तिचा सिरका होतो, ढीग ४५-५० अंशांपर्यंत तापतो आणि बीचा उग्र तुरटपणा उतरतो. चॉकलेटच्या चवीची सुरुवात इथं होते. हे काम घाईत झालं तर पुढं कितीही महागडं यंत्र आणा, चॉकलेट तुरटच राहतं. म्हणजे ज्याला आपण कारागिराचं चॉकलेट म्हणतो, त्याचा पहिला कारागीर शेतात असतो.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी एक प्रयोग केला. नववीच्या तीसेक मुलांना नखाएवढा तुकडा दिला आणि चव लिहायला सांगितलं. अट एकच, ‘मस्त’, ‘छान’ आणि ‘बेकार’ हे शब्द वापरायचे नाहीत. पाच मिनिटं वर्ग गप्प. मग शब्द निघू लागले. उर्दूतून तल्ख, तुर्श, कसैला. मराठीतून कडसर, आंबूस, खरपूस. एकानं ‘तुर्श म्हणजे तुरट’ असं लिहिलं, आणि त्यावर अर्धा तास गेला. तुर्श म्हणजे आंबट, तुरटला उर्दूत कसैला म्हणतात. कान सारखं ऐकतो, जीभ फरक सांगते. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, कच्चं करवंद खाल्ल्यावर जीभ ओढली जाते ना, तसं.” इंग्रजी परीक्षणांत रास्पबेरी, तंबाखू, चामडं असले शब्द वाचून मी नुसती मान डोलवत होतो. करवंद म्हटल्यावर मला कळलं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं. चॉकलेटचं परीक्षण आपल्या जिभेच्या शब्दांत व्हावं. ज्यानं रास्पबेरी कधी पाहिली नाही त्यानं रास्पबेरी लिहू नये. करवंद, आमसूल, जांभूळ, काकवी, भाजका चणा असा आपला कोश भरलेला आहे.

दुसरं म्हणणं जरा कडू आहे. कुरआनात खाण्याबद्दल हलाल या शब्दासोबत तय्यिब हाही शब्द येतो. तय्यिब म्हणजे पाक, चांगलं, निकोप. लिकर शब्दाला लाल गोल करणाऱ्या आपण दुसऱ्या शब्दाची चौकशी किती केली? जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. शिकागो विद्यापीठाशी जोडलेल्या एनओआरसी या संस्थेच्या २०२० सालच्या अहवालानुसार, या दोन देशांच्या कोको पट्ट्यात २०१८-१९च्या हंगामात सुमारे १५ लाख ६० हजार मुलं कोकोच्या शेतीत बालमजुरी करत होती. कोयत्यानं फळं फोडणं, ओझी वाहणं, विषारी फवारणीच्या जवळ राबणं. यातली सगळ्यांत वाईट मजुरी थांबवू, असा हार्किन-एंगल करार चॉकलेट उद्योगानं २००१ मध्ये केला होता. त्याच्या मुदती एकामागून एक टळत गेल्या. ती मुलं माझ्या वर्गातल्या मुलांच्याच वयाची आहेत. त्यांच्याबद्दलचा फॉरवर्ड मला आजवर आलेला नाही.

आपल्या देशातही कोको पिकतो : केरळ, आंध्र, कर्नाटक आणि तामिळनाडूत, नारळ-सुपारीच्या सावलीत. कर्नाटकात कॅम्पको ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था पुत्तूरला १९८६ पासून चॉकलेटचा कारखाना चालवते. गेल्या दहा-बारा वर्षांत मैसूर, कोची, ऑरोविलसारख्या ठिकाणी बीपासून वडीपर्यंत सगळं स्वतः करणारे छोटे उत्पादकही उभे राहिले. त्यांच्यापैकी काहींच्या रॅपरवर जिल्हा असतो, कधी मळ्याचं नावही असतं.

स्टाफरूममध्ये एका सरांनी मला टोचलं. “तीनशे रुपयांची वडी खायची आणि मजुरांच्या गोष्टी करायच्या!” टोमणा खोटा नाही. माझ्या पगारात हे दर आठवड्याला परवडत नाही. आणि मळ्याचं नाव छापलं म्हणजे तिथल्या मजुराला वाजवी मजुरी मिळाली असं सिद्धही होत नाही. पण नाव असेल तर निदान विचारता येतं. अमुक कोको कुणाचा, बी काय भावानं घेतलं, आंबवलं कुणी? ज्या रॅपरवर फक्त ‘कोको’ एवढंच असतं, तिथं प्रश्न कुणाला विचारायचा? आणि महागडी वडी महिन्यातून एकदा आणून सहा जणांत वाटली तरी चालते. ती पोट भरण्यासाठी नसतेच.

म्हणून चॉकलेटवर लिहिणाऱ्यांनी चवीला गुण देताना तीन गोष्टी सांगाव्यात : आत काय आहे, जिभेला काय कळलं आणि हे पिकवलं कुणी. तिसऱ्याचं उत्तर रॅपरवर नसेल तर तेही लिहावं. वडी कंपनीनं फुकट पाठवली असेल तर तेही सांगावं. नाहीतर ते परीक्षण नाही, जाहिरात आहे.

त्या चार पाकिटांतला शेवटचा तुकडा मी भावजयीसमोर ठेवला. तिनं आधी रॅपर मागितलं. यादी वाचली, लिकर शब्दावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं, मी समजावलं. मग तुकडा तोंडात टाकला, तोंड वाकडं केलं आणि थांबली.

“भाईजान, कडूच आहे,” ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “पण मागून काहीतरी येतंय.”

काय येतंय ते तिला अजून सांगता आलेलं नाही. मी तिला घाई केलेली नाही. ग्रुपवर मात्र त्या रात्री तिनंच लिहिलं, की तो फोटो चुकीचा होता.