पडद्याअलीकडे काय उरतें?

साखर कारखान्यांच्या डिस्टिलरींत सांडपाणी शुद्ध करण्यासाठीं पडद्याचीं यंत्रें हल्लीं ठिकठिकाणीं बसविलेलीं आढळतात. तीं बसलीं कीं घाण पाण्याचा प्रश्न मिटला, असें सभासदांस सांगण्यांत येतें. हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. आणि जो अर्धा भाग सांगावयाचा राहतो, त्याचा संबंध कारखान्यालगतच्या विहिरींशीं आहे.

कैरीच्या फोडींस मीठ लावलें असतां पाणी सुटतें व मनुका पाण्यांत टाकल्या असतां फुगतात, हें घरोघरीं ठाऊक आहे. पेशीच्या पातळ आवरणांतून पाणी पाझरतें तें पातळ द्रवाकडून दाट द्रवाकडे. दाट बाजूवर पुरेसा दाब दिला तर हाच ओघ उलटतो आणि पडद्यापलीकडे बहुतांशीं क्षाररहित पाणी मिळतें. पिण्याच्या पाण्याच्या ‘आरओ’ यंत्रांत चालते ती हीच क्रिया. कॅलिफोर्निया विद्यापीठांत सिडनी लोब व श्रीनिवास सौरीराजन यांनीं सुमारें १९६० सालीं व्यवहारांत टिकेल असा पडदा सिद्ध केला. तो सेल्युलोज अॅसिटेटचा होता. आणि आपला कापूस म्हणजे बहुतेक सेल्युलोजच होय!

मोलॅसिसपासून एक लिटर मद्यार्क काढतांना साधारणतः ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. गॅस काढून घेतल्यावर तो पडद्यांतून नेला, तर सुमारें अर्धें पाणी पुन्हां वापरण्याजोगें होतें. परंतु उरलेल्या अर्ध्यांत मूळची बहुतेक घाण व क्षार जवळजवळ दुप्पट दाट होऊन राहतात. फेरफाराची नोंद झाल्यानें जमीन वाढत वा घटत नाहीं, ती एका खात्यावरून दुसऱ्या खात्यावर जाते. पडद्याचें काम तशाच प्रकारचें आहे. हा दाट द्रव आटवून बॉयलरमध्यें जाळावा, हा एक योग्य मार्ग. पण आटविण्यास वाफ लागते व वाफेस खर्च. तो टाळून द्रव कच्च्या खड्ड्यांत सोडला, तर तो झिरपून भूजलांत उतरल्यावांचून राहत नाहीं. शिवाय पडद्याचीं छिद्रें बुजतात, तो वारंवार धुवावा लागतो आणि कांहीं वर्षांनीं बदलावा लागतो. त्यासाठीं अंदाजपत्रकांत तरतूद नसेल, तर यंत्र केवळ दाखविण्यापुरतें उरतें.

प्रेसमडच्या बायोगॅसमधून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढण्यासही पोकळ तंतूंचे पडदे वापरतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड लवकर निसटतो व मिथेन मागें राहतो. थोडा मिथेनही निसटतोच. पण तो विकाऊ माल असल्यामुळें त्यावर मालकाची नजर असते. दाट सांडपाण्याचें तसें नाहीं, कारण त्याची गळती शेजाऱ्याच्या विहिरींत होते.

म्हणून सभासदांनीं वार्षिक सभेंत पुढील मागणी करावी, असें आमचें मत आहे. हंगामांत स्पेंटवॉश किती निघाला, पडद्यापलीकडे पाणी किती मिळालें, दाट द्रव किती उरला व त्याची विल्हेवाट कोठें लावली, हा हिशेब अहवालांत छापावा. लगतच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी हंगामापूर्वीं व हंगामानंतर व्हावी. दाट द्रव जाळून उरणाऱ्या राखेंत पालाश असतो. मोलॅसिसपासून मिळणाऱ्या या पालाशाचा केंद्र सरकारनें २०२१ सालीं अनुदानाच्या खतांत समावेश केला. हा पालाश सभासदांच्याच जमिनींतून उसानें उचललेला आहे. सबब राख किती झाली, ती कोणास दिली व तिची रक्कम कोणत्या सदरीं जमा झाली, हेंही त्याच पानावर यावें.