खिळेकऱ्यांचें नाटक

मध्ययुगांतील ख्रिस्ती जीवन म्हणजे उपवास, प्रार्थना आणि प्रायश्चित्तें, अशी आपल्यापैकीं पुष्कळांची समजूत असते. ती सर्वस्वीं निराधार नाहीं. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रानें नाट्याला पांचवा वेद म्हणून गौरविलें; उलट टर्टुलियन या ख्रिस्ती आचार्यानें इ. स. २०० च्या सुमारास नाटकें व खेळ यांच्या निषेधार्थ स्वतंत्र ग्रंथच लिहिला. परंतु नवल असें कीं, पुढें हीच कला खुद्द चर्चमध्यें पुनः अवतरली. दहाव्या शतकांत, ईस्टरच्या पहांटे, इंग्लंडांतील मठवासी येशूच्या रिकाम्या कबरीपाशीं आलेल्या स्त्रिया व देवदूत यांचा संवाद लॅटिनमध्यें गाऊन दाखवूं लागले.

कालांतरानें नाट्य रस्त्यावर आलें आणि लोकभाषा बोलूं लागलें. यॉर्क शहरांतील अशा नाटकांचा पहिला उल्लेख १३७६ सालचा आहे. उन्हाळ्यांतील कॉर्पस क्रिस्टी या सणाच्या दिवशीं, पहांटेपासून, सृष्टीच्या उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंतची कथा जवळजवळ पन्नास लहान नाटकांत दाखवीत. नाटकाची गाडी ठराविक ठिकाणीं थांबे, प्रयोग होई, गाडी पुढें जाई. प्रेक्षक जागच्या जागीं. हा सारा भार कारागिरांच्या श्रेणींवर असे. नोहाची नौका जहाजें बांधणारे बांधीत, येशूचें शेवटचें भोजन पाव भाजणारे मांडीत, बाळ येशूला सोनें अर्पण करणारे ज्ञानी पुरुष सोनारांकडे असत. काम कसेंबसें उरकलेलें चालत नसे. चार जाणत्या नटांनीं सर्वांची परीक्षा घेऊन अयोग्यांस वगळावें, असा नगरसभेचा १४७६ चा ठराव होता.

येशूला क्रूसावर ठोकण्याचा प्रसंग खिळे करणाऱ्यांकडे होता. त्यांत चार शिपाई कामाला लागलेले दिसतात. क्रूसाचीं छिद्रें चुकून दूरदूर पडलेलीं. तेव्हां ते दोऱ्या बांधून येशूचे हातपाय ताणतात, क्रूस उचलतांना कण्हतात, एकमेकांवर खेंकसतात. येशू दोनदांच बोलतो. बाकी सारी कामाची कुरकुर. रस्त्यावर उभ्या असलेल्या सुताराला, लोहाराला ती परकी वाटली नसेल. महापातक करणारे राक्षसच असतात असें नाहीं. हातचें काम नीट उरकण्याच्या नादांत, तें काम कशासाठीं हें न विचारणारीं आपल्यासारखीं माणसेंही तें करूं शकतात, हें त्या घटकाभराच्या खेळांत त्याला दिसे.

धर्मसुधारणेच्या काळांत नव्या मताच्या अधिकाऱ्यांस हीं नाटकें रुचेनात. १५६९ नंतर तीं बंद पडलीं. १९५१ सालीं यॉर्कमध्येंच त्यांचें पुनरुज्जीवन झालें, आणि आतां कांहीं वर्षांच्या अंतरानें पुनः गाड्यांवर प्रयोग होतात.

घरांतील मुलांसाठीं नाटक निवडतांना ‘यांत बोध आहे काय?’ असें आपण वडीलधारीं विचारतों. ‘यांत आपण स्वतः कोठें दिसतों काय?’ हेंही एकदां विचारून पाहावें.