गाडीचे नाक

भाषा शिकवणाऱ्या माणसाने यंत्राच्या वाटेला जाऊ नये, असे माझे जुने मत आहे. परंतु गणपती उठले आणि आमच्या चिरंजीवांनी ते मोडीत काढले.

"बाबा, गाडीला मोठा, मोकळा एअर फिल्टर बसवूया. हवा जास्त, ताकद जास्त! चार हजारांत काम होईल."

गाडी म्हणजे माझीच २०१२ सालची, कार्ब्युरेटरवाली मोटारसायकल. "निबंधात नुसती हवा भरून गुण वाढत नाहीत," असा विनोद मी केला. चिरंजीव हसले नाहीत.

"परवा आईला घेऊन सासवडला निघालो होतो. दिवे घाटात ट्रक ओलांडायला गेलो, तर गाडीनं निम्म्यातच मान टाकली. समोरून एसटी येत होती."

स्वयंपाकघरातली भांड्यांची खुडबुड एकदम थांबली. सौभाग्यवतींनी ही हकीकत मला सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघे मेस्त्रींच्या दारात उभे.

"सर, एक लिटर पेट्रोल नीट जळायला नऊ-दहा हजार लिटर हवा लागते," मेस्त्री म्हणाले. "वजनात सांगायचं, तर किलोला साधारण पावणेपंधरा किलो. हवा वाढवली, की त्या मानानं पेट्रोलही वाढवायला पाहिजे. म्हणजे कार्ब्युरेटरचे जेट बदला. नाहीतर पेट्रोल कमी पडून इंजिन तापतं. वर फिल्टर फारच मोकळा असला, तर रस्त्यावरची धूळ आत जाऊन सिलिंडर खरवडते. आणि एवढं करून ताकद वाढणार ती जाणवेल न जाणवेल इतकीच."

बोलता बोलता त्यांनी झाकण उघडले. आतला कागदी फिल्टर चुलीतून काढल्यासारखा काळा होता. प्लगही काजळलेला.

"हा कधी बदललाय?"

मी चष्मा पुसू लागलो. "पुढच्या महिन्यात बघू" असे म्हणत दोन वर्षे सर्व्हिसिंग मीच टाळले होते. त्याला घरात मी काटकसर म्हणत असे.

"हिला श्वासच घेता येत नव्हता, सर. नवं नाक कशाला? आहे ते शिंकरून घ्या!"

नवा कागदी फिल्टर आणि प्लग काही शेकड्यांत झाला. चिरंजीव मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

गेल्या रविवारी मागच्या सीटवर मीच बसलो. दिवे घाट गाडीने न कुरकुरता धरला. मधल्या वळणावर पुढे ट्रक आला. मी श्वास रोखला. चिरंजीवांनी वेग कमी केला.

"आता जाईल की रे पुढे," मी म्हणालो.

"जाईल, बाबा. पण राहू दे. आजी काही सासवड सोडून जात नाही."