झोपलेल्याचा श्वास आणि जाग्याचे कर्तव्य

घोरणे हा आपल्या समाजात पूर्वापार विनोदाचा विषय मानला गेला आहे. लग्नघरी पाहुण्यांची दाटी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर कोणाच्या ना कोणाच्या घोरण्याची नक्कल व्हावयाचीच. रामायणातील कुंभकर्ण तर झोपाळू माणसाचे टोपणनावच होऊन बसला आहे. जो घोरतो त्याला गाढ झोप लागते, तो सुखी जीव होय, अशीही एक समजूत आहे. ही समजूत नुसती चुकीची नव्हे, तर कित्येकदा घातक आहे. आणि ती दूर करण्याचे काम घोरणाऱ्याचे नसून त्याच्या शेजारी जागे असणाऱ्याचे आहे, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

सर्वच घोरणे म्हणजे रोग नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. सर्दीने नाक चोंदले किंवा दिवसभराच्या श्रमाने अंग मोडून आले, तर कोणीही एखाद्या रात्री घोरेल. विचार करावयाचा तो एका विशिष्ट घोरण्याचा. आवाज चढत चढत जातो आणि एकाएकी थांबतो. खोलीत शांतता पसरते. छाती आणि पोट हलताना दिसतात, पण नाकातोंडातून वारा मात्र येत-जात नाही. काही वेळाने तो मनुष्य हिसका देऊन, गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेतो, कूस बदलतो, आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. या विकारास वैद्यकात ‘स्लीप अ‍ॅप्निया’ असे नाव आहे. त्यातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘श्वास नसणे’ असा आहे.

असे का घडते? जागेपणी घशाभोवतीचे स्नायू ताठ राहून श्वासाची वाट उघडी ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. ज्यांचा घसा मुळातच अरुंद, मान जाड, जबडा मागे सरलेला किंवा टॉन्सिल वाढलेले, त्यांच्या बाबतीत जीभ व मऊ टाळू मागे पडून ही वाट बुजते. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो, मेंदू सावध होतो, आणि श्वासासाठी झोपलेल्यास क्षणभर जागे करतो. ही जाग इतकी अल्प असते की सकाळी तिची आठवणही उरत नाही. श्वास निदान १० सेकंद बंद पडला म्हणजे तो एक प्रसंग धरतात. श्वास पुरता बंद पडण्याचे व अपुरा पडण्याचे असे सर्व प्रसंग मोजून तासाची सरासरी काढतात. प्रौढ माणसात ती ५ पेक्षा कमी असल्यास चिंता नसते. ५ ते १५ पर्यंत विकार सौम्य, १५ ते ३० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र समजतात. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांस एकदा! इतक्या वेळा ज्याची झोप मोडते, त्याने आठ तास अंथरुणात काढले तरी त्यास विश्रांती मिळाली असे कसे म्हणावे?

या विकाराचा खरा चमत्कारिकपणा असा की, ज्याला तो जडतो त्यालाच त्याचा पत्ता नसतो. दात दुखला तर दुखणाऱ्यास कळते, ताप आला तर अंग सांगते. पण येथे रोगी झोपेत असतो आणि त्याची लक्षणे ऐकतो तो दुसराच. हा दुसरा जर हसून कूस बदलील, तर रोग्याच्या बाजूने बोलणारे कोणीच उरत नाही.

असे हसणे पुष्कळ वर्षे चालत आले आहे. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याच्या १८३६-३७ साली क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये जो नावाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे. तो भर दिवसा, काम करता करता झोपी जातो आणि घोरू लागतो. वाचक त्याला शंभर वर्षांहून अधिक काळ हसत आले. १९५६ साली अमेरिकेतील काही डॉक्टरांनी अतिस्थूलता, मंद श्वसन आणि दिवसाची अनावर झोप एकत्र आढळणाऱ्या एका विकारास याच कादंबरीवरून नाव दिले. पुढे १९६५ साली फ्रान्स व जर्मनी या देशांतील संशोधकांनी अशा रुग्णांच्या झोपेची यंत्राने नोंद घेतली, तेव्हा त्यांचा श्वास रात्रीत वारंवार बंद पडतो हे उघड झाले. लेखकाच्या निरीक्षणशक्तीस दाद द्यावी. परंतु ज्यास आपण हसलो तो कदाचित आजारी होता, हे कळण्यास एवढा काळ जावा लागला, हेही विसरू नये.

विकार वाटतो तितका विरळही नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगातील ३० ते ६९ या वयांतील सुमारे ९३ कोटी लोकांना तो कमीअधिक प्रमाणात आहे. सकाळी डोके जड असणे, तोंडाला कोरड पडणे, चिडचिड, विसराळूपणा, वाचता वाचता डोळा लागणे ही त्याची दिवसाची रूपे. दीर्घकाळ उपचार न झाल्यास रक्तदाब वाढणे, हृदयाचे ठोके अनियमित होणे, पक्षाघात यांचा धोका वाढतो. १ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्क शहरात एक प्रवासी गाडी वळणावर भरधाव वेगाने येऊन रुळांवरून घसरली व चार माणसे दगावली. गाडीच्या चालकास हा विकार तीव्र स्वरूपात असून तोवर त्याचे निदानच झाले नव्हते, असे चौकशीत आढळले. आपल्याकडे २०२२ साली संगीतकार बप्पी लाहिरी यांच्या निधनाच्या वृत्तांत या विकाराचे नाव आले, आणि पुष्कळांनी ते प्रथमच ऐकले.

शिक्षक या नात्याने मला याहून निकटचा प्रश्न वर्गातील वाटतो. आळसाला शत्रू ठरविणारे सुभाषित आपण भिंतीवर लावतो, ते योग्यच आहे. परंतु आळस आणि थकवा या दोन भिन्न गोष्टी आहेत. लहान मुलांत या विकाराचे मुख्य कारण म्हणजे वाढलेले टॉन्सिल व नाकामागील तशाच गाठी. असे मूल तोंड उघडे टाकून झोपते, रात्री घामाघूम होते, अंथरूण ओले करते. दिवसा ते पेंगतेच असे नाही. उलट ते कित्येकदा चुळबुळे, धांदरट व हट्टी होते. १८८९ साली विल्यम हिल या ब्रिटिश डॉक्टरने शाळेत मागे पडणाऱ्या मुलांसंबंधी लिहिताना घोरण्याकडे व तोंडाने श्वास घेण्याकडे वैद्यकीय नियतकालिकातून लक्ष वेधले होते. त्याला आता १३० हून अधिक वर्षे झाली, तरी अशा मुलास आपण प्रथम ‘ढ’ म्हणतो आणि डॉक्टरांकडे नेण्याचा विचार मागाहून, सुचलाच तर, सुचतो. अनेक मुलांना त्या गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियेने पुष्कळ आराम पडतो. म्हणून शाळेच्या वैद्यकीय तपासणीत दात व डोळे यांच्या जोडीला ‘मूल रोज घोरते काय?’ हा एक प्रश्न पालकांस विचारला जावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. त्यास एका पैचाही खर्च नाही.

दुसरा दुर्लक्षित वर्ग म्हणजे घरातील स्त्रिया. पुरुषाच्या घोरण्याची निदान थट्टा तरी होते. स्त्रीच्या घोरण्याची वाच्यता लाजेने होतच नाही. तिचा थकवा घरकामाच्या खाती जमा होतो. वास्तविक पाळी बंद झाल्यानंतरच्या वयात स्त्रियांतही हा विकार वाढतो. आईची दुपारची ग्लानी वयाचीच, असे परस्पर ठरवून टाकण्याचा अधिकार मुलांना कोणी दिला?

आता तपासणीविषयी. पहिली पायरी कागदाची आहे. १९९१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. मरे जॉन्स यांनी आठ प्रश्नांची एक सोपी यादी तयार केली. वाचताना, गाडीतून प्रवास करताना, दुपारी जेवणानंतर स्वस्थ बसले असता, अशा आठ प्रसंगी डोळा लागण्याचा संभव किती, यास ० ते ३ गुण द्यावयाचे. २४ पैकी बेरीज १० च्या वर गेली तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्यानंतरची पायरी म्हणजे रात्रीची चाचणी. डोक्यावर, डोळ्यांजवळ, हनुवटीवर व पायांवर बारीक तारा चिकटवितात, नाकाशी नळी लावतात, छाती व पोट यांभोवती पट्टे बांधतात आणि बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावतात. थोडी कमी उपकरणे लावून हीच चाचणी घरीही करता येते. सुई नाही, भूल नाही, वेदना नाही.

प्रस्तुत लेखक या मार्गाने स्वतः गेलेला आहे. अंगाने मी सडपातळ आहे आणि वयाने चाळिशीच्या आतला. तेव्हा हा केवळ स्थूल व वृद्ध माणसांचा रोग, ही समजूत माझ्यापुरती तरी खोटी ठरली. माझा श्वास थांबतो हे प्रथम पत्नीच्या ध्यानी आले. तिने दोन रात्री घड्याळ उशाशी ठेवून थांबलेल्या श्वासांचे सेकंद टिपले आणि तो कागद माझ्या हाती दिला. त्या कागदाशी वाद घालणे शक्य नव्हते. चाचणीत तासाला ३४ प्रसंग आढळले आणि यंत्र वापरण्याचा सल्ला मिळाला.

या यंत्राला ‘सीपॅप’ म्हणतात. ते ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० साली प्रथम रुग्णावर वापरले. तोपर्यंत तीव्र विकारावर गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करून देणे हाच मोठा उपाय होता. यंत्राचे तत्त्व अगदी साधे आहे. एक लहानसा पंखा खोलीतीलच हवा किंचित दाबाने नळीतून नाकावरील मुखवट्यात सोडतो आणि त्या दाबाने घशाची वाट उघडी राहते. त्यात प्राणवायूचे नळकांडे नसते. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, २०२०-२१ च्या साथीपासून तोंडावर मुखवटा व शेजारी यंत्र असे दृश्य आपल्या मनात अतिदक्षता विभागाशीच जोडले गेले आहे. त्यामुळे शेजारीपाजारी काळजीने, पण दबक्या आवाजात, ‘आता कसे आहे?’ असे विचारू लागतात. चष्मा लावणाऱ्यास असे कोणी विचारीत नाही. चष्मा काढला की अक्षरे पुन्हा पुसट होतात, तसेच यंत्र काढले की श्वास पुन्हा अडतो. दोन्ही साधनेच आहेत. एकाचा संकोच वाटू नये आणि दुसऱ्याचा वाटावा, याला सवयीवाचून दुसरे कारण नाही.

सवय मात्र एका रात्रीत होत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पहिल्या आठवड्यात जीव कोंडल्यासारखा वाटतो, मुखवट्याच्या कडेतून वारा डोळ्यांत जातो, नाक कोरडे पडते, पोटात हवा जाते. पुष्कळ लोक येथेच यंत्र कपाटात ठेवून देतात. वस्तुतः यातील बहुतेक अडचणींस उपाय आहे. मुखवटे निरनिराळ्या घडणीचे मिळतात. एक बसला नाही तर दुसरा पाहावा. दिवसा वर्तमानपत्र वाचताना अर्धा तास तो लावून बसावे, म्हणजे भीती मोडते. आरंभी दाब कमी ठेवून हळूहळू वाढविण्याची सोय यंत्रातच असते. हवा ओलसर करणारे भांडे जोडल्यास कोरडेपणा कमी होतो. त्यात शुद्ध केलेले पाणी घालावे. आमच्या गोमंतकात पावसाळ्यात नळी व मुखवटा लवकर वाळत नाहीत आणि वीजही वेळी-अवेळी जाते. तेव्हा सौम्य साबणाने धुणे, सावलीत वाळविणे व विजेची पर्यायी सोय करणे ही तीन कामे अंगवळणी पाडावी लागतात. मला स्वस्थ झोप लागावयास सुमारे तीन आठवडे लागले. त्यानंतर तिसऱ्या प्रहरच्या तासाला फळ्याकडे वळताना डोळ्यांपुढे येणारी झापड नाहीशी झाली.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, पूर्वी असले रोग कोठे होते? ते होते, नाव नव्हते. झोपेत गेलेल्या माणसाला पुण्यवान म्हणण्याची आपली जुनी रीत आहे. त्यांतील काहींचा श्वास असाच अडत नसेल, असे कोण सांगेल? दुसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो खरा आहे. यंत्र स्वस्त नाही. परंतु काही ठिकाणी ते प्रथम भाड्याने घेऊन पाहता येते. वजन उतरविणे, कुशीवर झोपणे, मद्य वर्ज्य करणे, झोपेच्या गोळ्या मनाने न घेणे यांनीही कित्येकांस लाभ होतो. शिवाय चाचणी व यंत्र ही सरकारी रुग्णालयांतून सामान्य माणसाच्या आवाक्यात आणून देणे हे लोककल्याणाचे काम आहे, आणि नागरिकांनी त्याची मागणी केली पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेच्या दिवसांत तुम्ही रात्री जागून अभ्यास करता. घरात तेवढा वेळ तुम्हीच जागे असता. त्या वेळी बाबांचे, आईचे, आजोबांचे किंवा धाकट्या भावंडाचे घोरणे मध्येच थांबले, तर पुस्तक क्षणभर बाजूला ठेवा आणि घड्याळाकडे पाहा. किती सेकंद शांतता होती, आणि तासाभरात असे किती वेळा झाले, ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. सकाळी त्याची नक्कल करू नका. ते पान फाडून घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती द्या आणि ‘हे डॉक्टरांना दाखवा’ एवढेच सांगा.