रॉकेटचा तुकडा नेमका कुठे पडणार, हे आधी का कळत नाही?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. मी सीताबर्डीत होतो. व्हरायटी चौकात लोक मोबाईल वर करून उभे, आणि आकाशात जळते गोळे रांगेनं चाललेले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे ३ मीटर व्यासाची धातूची रिंग पडलेली सापडली. अभ्यासकांच्या मते ती २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी 'लाँग मार्च' रॉकेटची.

एवढे रडार, एवढे कॉम्प्युटर असून जागा आधी का कळली नाही?

गोची हवेत आहे. जमिनीजवळ हवेचा रेणू मिलिमीटरचा दहा हजारावा भागही पुढे जात नाही, तोच दुसऱ्यावर आदळतो. १२० किलोमीटर उंचीवर हेच अंतर सरासरी ३ मीटर होतं, म्हणजे त्या रिंगएवढं! तिथे हवा वाहत नाही, सुटे रेणू येऊन आपटतात. त्यामुळे प्रवाहाची नेहमीची समीकरणं तिथे चालत नाहीत.

यावर ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅम बर्ड यांनी १९६० च्या दशकात 'डीएसएमसी' ही पद्धत काढली. जागेचे छोटे कप्पे करायचे आणि त्यात कण सोडायचे. एक कण म्हणजे अब्जावधी खरे रेणू. सगळे कण थोडे पुढे सरकवायचे, मग एका कप्प्यातल्या कोणत्या जोड्या धडकल्या ते फासे टाकल्यासारखं ठरवायचं. हे हजारो वेळा केलं की वस्तूला ब्रेक किती लागला, ती किती तापली, ते कळतं. यासाठीचं 'स्पार्टा' सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

पण इनपुटचं काय? रिकामा टप्पा कोलांट्या खात येतो. सूर्यावर हालचाल वाढली की वरची हवा फुगते. कक्षेतला वेग सेकंदाला ७.८ किलोमीटर. अंदाज १५ सेकंद चुकला, तर जागा ११७ किलोमीटर सरकते, साधारण नागपूर ते सिंदेवाही. प्रत्यक्षात अंदाज तासांनी चुकतात.

म्हणून माझ्या मते खरा उपाय कोडमध्ये नाही, इंधन राखून ठेवण्यात आहे. इस्रोनं ७ मार्च २०२३ ला 'मेघा-ट्रॉपिक्स-१' उपग्रह उरलेल्या इंधनावर ठरवून प्रशांत महासागरावर उतरवला. २०३० पर्यंत आपल्या मोहिमा कचरामुक्त करायचं भारताचं उद्दिष्ट आहे. बाकी देशांनीही हे नियम म्हणून पाळायला हवं.

तोवर व्हिडिओ काढा, पण पडलेल्या तुकड्याला हात लावू नका. त्यात विषारी इंधन उरलेलं असू शकतं. आधी पोलिसांना कळवा.